निळ्या पाण्यात लोखंड

आमच्या धातुकला आणि दागिने मंडळाची मी सुरक्षा सचिव झाल्यापासून कार्यशाळेत एकाही माणसाला साधं खरचटलेलं नाही. हे मी कुठेही, कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे! हे पद आधी नव्हतं. मी पहिल्याच दिवशी इतके प्रश्न विचारले (गॅसची नळी कधी बदलली, आम्लाच्या भांड्याला झाकण का नाही, आग लागली तर बाहेर आधी कोण पडणार) की अध्यक्षबाईंनी वैतागून पदच निर्माण केलं आणि माझ्या गळ्यात घातलं.

माझा स्वभाव आधीपासून असा नव्हता. पिल्लू झाल्यापासून झाला. झोपलेल्या मुलाच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय का बघणाऱ्या बायका असतात, मी त्यांच्यातली. बोट लागलं की पिल्लू जागं होतं आणि श्वास व्यवस्थित चालू असल्याची खात्री सगळ्या इमारतीला पटते. आता ते पावणेदोन वर्षांचं आहे. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला मी स्पंज चिकटवलाय. सासूबाई म्हणतात, घरात आता फक्त सुनेच्या जिभेला टोक उरलंय.

रविवारची दुपार मात्र माझी. पिल्लू सासूबाईंकडे ठेवायचं आणि दोन गल्ल्या ओलांडून मंडळाच्या खोलीवर जायचं. हातोडी हातात घेतली की ठाण ठाण आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, आणि मुलाचं खोकणं ऐकू येत नाही म्हणून मला भीतीही वाटत नाही. आठवड्यातून तेवढेच तीन तास मी माणसासारखी श्वास घेते. म्हणून ती खोली जाणार असं कळलं तेव्हा माझं धाबं दणाणलं.

खोली मास्तरांची. मंडळही त्यांनीच काढलेलं. मागच्या महिन्यात ते काम करता करता, हातोडी हातात असतानाच गेले. आम्हाला वाटलं, विचार करताहेत. विचार करायची त्यांना सवय होती, त्यामुळे बराच वेळ कुणी हटकलं नाही. (हे माझ्या कारकिर्दीत धरत नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहून दिलंय.) त्यांच्यासमोर चांदीचं एक पान होतं, अर्धवट. मधली शीर मारून झाली होती, बाजूच्या शिरा मारायच्या राहिल्या होत्या.

मास्तरांच्या मुलाला खोली भाड्याने द्यायची होती. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या एका मोबाइलवाल्याला तिथे दुकान टाकायचं होतं. पण खोली काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या पत्नीच्या नावावर. त्यांनी सांगितलं होतं की रविवारी संध्याकाळी येऊन काय ते सांगते. मग आम्ही ठरवलं की काकूंना काहीतरी द्यायचं. प्रत्येक सभासदाने चांदीचं एक पान घडवायचं, मास्तरांचं अर्धवट पानही त्यात घ्यायचं आणि सगळी मिळून एक फांदी करायची. काकूंनी ती बघावी, डोळे पुसावेत आणि खोली आमच्याकडे ठेवावी. सरळ बेत होता.

चांदी तापवली की काळी पडते. मग ती कोमट आम्लाच्या पाण्यात बुडवायची, काळेपणा जातो आणि पांढरी स्वच्छ चांदी वर येते. आमचं हे पाणी वर्षानुवर्षं वापरून निळं झालंय, कारण दागिन्यांतलं तांबं थोडं थोडं त्यात उतरतं. हे काम सगळ्यात धोक्याचं, म्हणून अर्थातच मी मागून घेतलं. दाढी म्हणाले, मी करतो. दाढी म्हणजे आमचे मीनाकाम करणारे सभासद. त्यांची दाढी त्यांच्याआधी खोलीत शिरते. मी त्यांना दाढी आणि आम्ल यांच्यातलं सुरक्षित अंतर किती असावं ते समजावून सांगितलं. ते परत आपल्या मीनाकामाकडे वळले.

आता एक एक पान चिमट्याने धरून त्या पाण्यात सोडायचं म्हणजे किती वेळा हात तिथे न्यायचा! एखादं निसटून तळाशी गेलं तर? शिंतोडा उडाला तर? मी आईच्या जातीची. माझ्या डोक्यात एकदम कल्पना आली. कपाटात बारीक लोखंडी तार होती. प्रत्येक पानाच्या देठाला कडी होतीच. किल्ल्यांच्या जुडग्यासारखी सगळी पानं मी तारेत ओवली, तारेचं टोक लांब ठेवलं, हातमोजे घातले, चष्मा घातला, पाऊल मागे ठेवून जुडगा अलगद सोडला आणि झाकण लावलं. हरवायला नको, हात घालायला नको. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

थोड्या वेळाने झाकण काढलं. पानं काळी नव्हती. पण पांढरीही नव्हती. गुलाबी होती! भाजलेल्या जागेवर नवी कातडी येते ना, तशी गुलाबी. सगळीच्या सगळी. मास्तरांचंसुद्धा.

दाढी येऊन शेजारी उभे राहिले. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे पूर्वी मास्तरांच्या अक्षरात एका ओळीची पाटी होती : "निळ्या पाण्यात लोखंड नाही." ती मीच काढली होती. माझा नियमांचा मोठा फलक लावायला जागा नव्हती म्हणून. आणि ती ओळ फलकात मी घेतली नव्हती, कारण त्यात कुणाला इजा होण्यासारखं मला काही दिसलं नव्हतं.

"लोखंड आत गेलं की पाण्यातलं तांबं बाहेर येऊन चांदीवर बसतं," दाढी म्हणाले. "पाटीचा अर्थ तो होता."

अध्यक्षबाई भांड्यात डोकावल्या आणि स्टुलावर बसल्या. पूर्वी त्या बँकेत मॅनेजर होत्या. वाईट बातमी बसून ऐकायची त्यांना सवय आहे. काकू पाच वाजता येणार होत्या. घड्याळात चार वाजून गेले होते.

दाढींनी उपाय सांगितला. नव्या आम्लाच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं, तांब्याचा थर निघून जातो. औषधाच्या दुकानात मिळतं. औषधाचं दुकान आमच्या घराच्या अगदी खाली आहे, म्हणून मी नवऱ्याला फोन लावला. मी अगदी शांतपणे बोलले असं मला अजूनही वाटतं. नवरा म्हणतो, मी हुंदके देत होते.

"पेरॉक्साइड आण. मिळतील तेवढ्या बाटल्या. धावत ये."

"काय झालं?"

"आम्लाच्या भांड्यात... ते आल्यावर बघ. आणि हे बघ, आईंना यातलं काही सांगू नकोस."

सासूबाईंना का सांगायचं नाही, तर त्यांचा मुळात आम्लाला विरोध. कळलं असतं तर माझा रविवार गेलाच म्हणून समजा. पण पेरॉक्साइड लोक जखम धुवायला वापरतात हे माझ्या लक्षातच आलं नाही. फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. तिकडे काय उठलं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. नवऱ्याने दुकानात जाऊन सांगितलं की बायको आम्लाने भाजलीय. दुकानदार म्हणाले की त्यावर पेरॉक्साइड लावतात होय, आधी रुग्णवाहिका बोलवा. आणि नवरा चुकीचाच नंबर लावतोय हे बघून त्यांनी स्वतःच बोलावली. सासूबाई वर गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता सगळं ऐकत होत्या. त्यांना काही सांगायची गरजच पडली नाही.

नवरा पोचला तेव्हा त्याच्या हातात पेरॉक्साइडच्या बाटल्या, कापसाचे गठ्ठे आणि मलमाच्या नळ्या होत्या. त्याने माझा चेहरा पाहिला, हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "कुठे भाजलंय?"

"मला काही झालं नाही. पानं गुलाबी झालीत."

त्याने कापसाचे गठ्ठे खाली ठेवले. लग्नाला होकार दिल्याबद्दल माणसाला पश्चात्ताप होतो तो नेमका क्षण मी जवळून पाहिला. मग म्हणाला, "आई येतेय मागून. पिल्लूला घेऊन."

आल्याच. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची. कडेवर पिल्लू. त्यांच्या मागे आमच्या इमारतीतली निम्मी माणसं, कुणी बादली घेऊन, कुणी वाळू घेऊन. दाढी कोपऱ्यात चष्मा लावून पानांवर पेरॉक्साइड ओतत होते. भांड्यातून बुडबुडे यायला लागले होते. तळमजल्यावरच्या काकांनी नुसते बुडबुडे आणि चष्मा पाहिला, बाकी काही विचारलं नाही आणि भरलेली बादली दाढींच्या डोक्यावर उपडी केली.

त्यानंतरच्या गोंधळात मी एकाच वेळी चार कामं करत होते. लोकांना बाहेर काढणं, मी धडधाकट आहे असं सासूबाईंना पटवणं, दाढींना टॉवेल देणं आणि पाणी सांडलेल्या फरशीवर कुणी घसरू नये म्हणून ओरडणं. तेवढ्यात रुग्णवाहिका आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत शिरली आणि पेशंट कोण म्हणाली. कुणी नाही, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं. ती माणसं म्हणाली, असं रिकामं जाता येत नाही, निदान बघून तरी जातो. सगळ्यांत जास्त भिजलेले आणि थरथरणारे दाढीच होते, म्हणून त्यांनाच पट्टा बांधून रक्तदाब घेतला. एकदा घेतला. मग दुसऱ्या हाताला घेतला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दाढींना झोपायला सांगितलं.

त्यांचा रक्तदाब इतका चढलाय हे कुणालाच माहीत नव्हतं. दाढींनाही नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी चार दिवस असेच गेले असते तर दाढी मास्तरांच्या मागोमाग गेले असते. स्ट्रेचरवरून नेताना त्यांच्या तोंडाला मास्क लावला होता. मास्क बाजूला करून ते सांगत होते की पानं वेळेवर बाहेर काढा.

आणि नेमकं तेव्हाच मास्तरांचा मुलगा त्या मोबाइलवाल्याला खोली दाखवायला घेऊन आला! सोबत काकू. गल्लीत गर्दी, फरशीवर वाळू, आणि ओलाचिंब, मास्क लावलेला एक माणूस रुग्णवाहिकेत चढवला जातोय. मोबाइलवाल्याने बघ्यांपैकी कुणाला तरी विचारलं. त्याला काय उत्तर मिळालं मला ठाऊक नाही, पण त्याने दाराशीच पाय थांबवला. याच खोलीत मागच्या महिन्यात एक गेले ना, असं त्याने मुलाला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन कानाला लावून निघून गेला. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

आत आम्ही पानं बाहेर काढली. पांढरी, लखलखीत! मी मोजली. एक कमी होतं.

दाढींनी फरक बघण्यासाठी एक गुलाबी पान नमुना म्हणून आधीच काढून, धुऊन टेबलावर ठेवलं होतं. कुणाचं ते त्यांनीही पाहिलं नव्हतं. टेबलावर आता ते नव्हतं. आणि पिल्लू कडेवर नव्हतं. सासूबाईंनी माझे दंड चाचपायला त्याला खाली ठेवलं होतं. ते समोर असताना पावणेदोन वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्यावरची नजर काढली होती, तीही आम्ल असलेल्या खोलीत.

पिल्लू दारात होतं. काकूंसमोर. तोंडात गुलाबी पानाचा देठ. मी धावले, पण त्याआधी काकू खाली वाकल्या, त्यांनी हात पुढे केला आणि पिल्लूने पान काढून त्यांच्या हातावर ठेवलं. माझ्या हातात त्याने आजपर्यंत काहीच दिलेलं नाही.

काकूंनी पान पदराला पुसलं. मधल्या शिरेवरून अंगठा फिरवला. बाजूला शिरा नव्हत्या.

"हे यांचं."

मी म्हटलं, काकू, रंग माझ्या चुकीने आलाय, पाच मिनिटांत पांढरं करून देते. माझा आवाज कापत होता. नवरा फोनवरचे म्हणून सांगतो ते हुंदके बहुधा हेच असावेत.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "जन्मभर चांदीच दिली मला. जाताना तरी एक वेगळं निघालं."

मुलगा खाली मान घालून आत आला. त्याने सांगितलं की पार्टी फिरली, आता फोनही उचलत नाही. काकूंनी खोलीभर नजर फिरवली : वाळू, कापूस, बादली, माझा सुरक्षिततेचा फलक.

"मग खोली मंडळानेच ठेवा," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "आता दुसरं कोण येणार इथे?"

घाईघाईत पानं जोडून केलेली फांदी काकूंनी नेली, गुलाबी पानासकट. दाढी दवाखान्यात आहेत. गोळ्यांनी रक्तदाब उतरतोय, दाढी तेवढी आहे तशी आहे. करारावर सह्या पुढच्या महिन्यात होतील. अध्यक्षबाईंना धास्ती एकच. मोबाइलवाला आमच्याच गल्लीत राहतो, आणि आम्ही ठणठणीत हिंडताना दिसलो तर त्याचं मन पुन्हा फिरायचं. त्यामुळे मंडळाच्या सभेत ठराव झाला की सह्या होईपर्यंत एका जबाबदार सभासदाने हाताला बँडेज बांधून वावरावं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रोज सकाळी सासूबाई ते बांधून देतात, कोपरापर्यंत, इतकं घट्ट की बोटं निळी पडतात. कुणासाठी एवढ्या मनापासून काही करताना मी त्यांना पाहिलेलं नाही. पिल्लूलाही तसंच हवं असतं, म्हणून त्यालाही एक बांधावं लागतं, आणि आम्ही दोघं खाली उतरलो की औषधाचे दुकानदार हळहळून बाहेर येतात.

मंडळाचं मासिक बातमीपत्र मीच काढते. या वेळी पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात बातमी दिली आहे : "या महिन्यात कार्यशाळेत कुणालाही इजा झाली नाही."

एका हाताने टाइप करायचं म्हणून जरा वेळ लागला, एवढंच.