शटर अर्ध्यावर असताना

नोकरदार माणूस साहेबाच्या तालावर नाचतो, धंदेवाला मात्र मनाचा राजा असतो. हे सत्य जगभर मान्य असून ते मुख्यतः नोकरदारांनी सांगितलेले आहे.

शाहूपुरीतल्या ‘रशीद कुशन वर्क्स’चे मालक रशीदभाई हे असेच एक राजे. दुचाकीच्या सीटा आणि सोफे शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोल्हापुरात नाही. रजा मागायला वर साहेब नसल्यामुळे त्यांनी आजवर रजा घेतलेली नाही. (अर्जच नाही, तर मंजूर कोण करणार?) सोमवारी साप्ताहिक सुट्टी असते. दुकान ती नियमाने घेते. मालकाची अजून दुकानाशी बोलणी चालू आहेत.

त्यांच्या मंगळवार पेठेतल्या घरचा सोफा फाटका आहे. यात आश्चर्य काही नाही. घरचं गिऱ्हाईक कुठं जात नाही, हे धंद्याचं मूलतत्त्व आहे.

त्या सोमवारी धाकट्या नुजहतला बघायला गडहिंग्लजची मंडळी अकरा वाजता येणार होती. मुलाचं, नौमानचं, तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. सोफ्याचं नवं कव्हर शिवून झालं होतं, पण ते राहिलं होतं दुकानात. रशीदभाई आणायला निघाले, तशा त्यांच्या पत्नी नसरीनभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“थोरल्या नजीराच्या येळंला गळ्यात दोरा अडकवून आलतासा, पावणं उठल्यावर. आज पोरगी तुमच्या तोंडाकडं बघून हो-न्हाय म्हणणार हाय. कव्हर न्हाय आलं तरी चालंल, तुमी या.”

रशीदभाईंना मनापासून यायचं होतं. नुजहत त्यांची लाडकी. त्यांनी फक्त कव्हर काढण्यापुरतं शटर वर केलं, तेही अर्धं.

इथं अर्ध्या शटरविषयीचे प्रचलित नियम समजून घेणे आवश्यक आहे. पूर्ण उघडं शटर म्हणजे दुकान चालू. तेव्हा गिऱ्हाईक “संध्याकाळी येतो” म्हणून निघून जातं. पूर्ण बंद शटर म्हणजे त्यावरच्या नंबरला फोन करावा. आणि अर्धं शटर म्हणजे आत मालक असून तो पूर्णपणे मोकळा आहे, सबब वाकावे.

पहिले गृहस्थ वाकले. “चालू हाय का?”

“बंद हाय.”

“मग शटर वर कसं?”

“मी आत हाय म्हणून.”

“मग झालं की. दोनच टाकं मारायचं हायत.”

या युक्तिवादाला आजवर एकाही दुकानदाराला उत्तर सापडलेलं नाही. शिवाय गृहस्थ परगावचे, म्हणजे पावणं. पावण्याला नाही म्हणायची रीत कोल्हापुरात नाही. रशीदभाईंनी सुई उचलली. दोन टाक्यांखाली फोम भिजलेला निघाला, फोमखाली पत्रा गंजलेला निघाला. तेवढ्यात बाहेर दुसरी गाडी थांबली, कारण एकाचं चालू आहे म्हणजे दुकान चालूच आहे. मग तिसरी. कव्हर काखेत तसंच होतं. फोन वाजत होता, पण दोन्ही हात रेक्झिनमध्ये गुंतलेले. नुजहतनं होकार दिला, त्या क्षणी तिच्या बापाच्या दातात दोरा होता.

ते घरी पोचले तेव्हा सोफ्यावर चादर होती आणि पाहुण्यांच्या चहाचे कप विसळून झाले होते.

“ठरलं,” नसरीनभाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच रशीदभाईंना भ्या वाटलं.

नुजहत म्हणाली, “अब्बा, तुमची वाट बघून जरा येळ लावला उत्तराला. पण पावण्यांनी तरी किती थांबायचं? मग मुलालाच इचारलं, सोमवारी दुकान बंद म्हणजे बंदच असतंय काय? तेवढ्यात दोन डाव फोन वाजला त्यांचा, तो बंद करून खिशात ठेवला. मग मी हो म्हटलं.”

रशीदभाई चादरीवर बसले. त्यांना फार वाईट वाटलं. जावई चांगला मिळाला याचा आनंदही झाला, पण वाईट वाटणं त्याच्या वर राहिलं.

साखरपुडा पुढच्याच सोमवारी अकराला ठरला. रशीदभाईंनी दुकानाची किल्ली आपणहून नसरीनभाभींच्या हाती दिली. शटर जमिनीला टेकलेलं राहील आणि फोन बंद राहील, असं त्यांनी घरात सर्वांसमक्ष जाहीर केलं. ते सगळं त्यांनी पाळलं.

आता फक्त तुमचा प्रश्न उरतो. तुमच्या गाडीची सीट उसवली आहे आणि तुम्हाला सोमवारशिवाय वेळ नाही. शटर बंद दिसल्यावर तुम्ही फोन लावता. तो लागत नाही, याचा तुम्हाला थोडा रागही येतो. (गिऱ्हाइकाची कदर राहिली नाही, वगैरे.) तरीपण माणूस चांगला आहे, तेवढं करून देईल, अशी तुमची खात्री आहे, आणि काम खरोखरच दोन टाक्यांचं आहे. म्हणून तुम्ही शेजारच्या पानवाल्याला घरचा पत्ता विचारता. पानवाला सांगतो, सोपं आहे, मंगळवार पेठेत ज्या दारात आज मांडव दिसेल तेच घर. तुम्ही त्याचे आभार मानता आणि गाडीला किक मारता.