चार बोटं कमी पडलेली दोरी

गणित माणसाला कधीही फसवत नाही. हे वाक्य हरीशसर कळमनुरीच्या ज्युनियर कॉलेजात गेली अकरा वर्षं पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आले होते आणि त्याखाली रेघही मारत होते. मार्चमधल्या एका मंगळवारी मात्र त्यांची लाल गाडी वारंगा फाट्यावर, चाँद पाशाच्या टायरच्या दुकानासमोर चारही चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, आणि गणिताचा एका सुतळीशी वाद चालला होता.

गाडी नांदेडच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. बुटकी, लांब, मागून जरा वर उचललेली. उभी असली तरी निघाल्यासारखी दिसे. सरांच्या गावात, आखाडा बाळापुरात, तसली दुसरी नव्हती. ती दारात आली त्या दिवशी सरांच्या आईनं, सुमनबाईंनी, तिची यथासांग पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर आतल्या खांबावर एक पांढरा चौकोन दिसला, तेव्हा तर त्या हरखूनच गेल्या. "बघ, कंपनीनंच गंधाला जागा सोडली," म्हणत त्यांनी तिथं ओल्या हळदीची पाच बोटं उमटवली. वडील संतराम यांनी मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून, "पोट टेकतंय हिचं खाली," एवढंच मत दिलं होतं.

रविवारी सरांचा चुलतभाऊ माऊली याचं कळमनुरीत लग्न होतं. नवरदेव सरांच्या लाल गाडीतून येणार, हे माऊलीच्या आईनं, म्हणजे धुरपताकाकूंनी, मुलीकडं कळवूनही टाकलं होतं. मुलीकडच्यांनी घोडा सांगितला होता. तो काकूंनी परत पाठवला. त्यामुळे आता गाडी नटणं भाग होतं, आणि सरांनी सोळा इंची चाकांच्या जागी सतरा इंची, दहा आऱ्यांची, काळी-चंदेरी चाकं आणली होती. चाकं आली. प्रश्न राहिला टायरच्या मापाचा.

जुन्या टायरवर २०५/५५ आर १६ असं लिहिलं होतं. सरांनी त्याचा अर्थ लावला: टायर दोनशेपाच मिलिमीटर रुंद, पंचावन्न मिलिमीटर उंच, आणि आत सोळा इंची चाक. एकदा अर्थ लागला म्हटल्यावर उरलं ते फक्त उत्तर. दोन पानी आकडेमोडीनंतर ते आलं. चाक एक इंचानं वाढलं, तर टायरची उंची पंचेचाळीस हवी. रुंदीचा उंचीशी संबंध नाही, तेव्हा रुंदी कितीही चालेल. कितीही चालत असेल तर कमी कशाला घ्या? सरांनी २४५/४५ आर १७ मागवले. जुन्या-नव्याच्या एकूण व्यासात फरक पाच पूर्णांक चार मिलिमीटर. उत्तराखाली दोन रेघा. या सगळ्यात टायरला हात लावायची गरज त्यांना कुठंच पडली नव्हती.

चाँद पाशाचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक कॉम्प्रेसर आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या चाळीसेक सुतळ्या. प्रत्येक सुतळीला एक गाठ. ही ट्रकची, ही ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची, ही उसाच्या ट्रॉलीची. जुन्या टायरला दोरी गुंडाळून गाठ मारायची. नवा आला की तीच दोरी त्याला गुंडाळायची. गाठ टोकाला भेटली तर टायर बराबर. तीस वर्षांत त्या फाट्यावरून चुकीचा टायर घालून कुणी गेलं नव्हतं.

"सर, दोरी चार बोटं कमी पडून राहिली," चाँद पाशा म्हणाला.

"चाचा, दोरी ताणते. गणित ताणत नाही."

"ते बी खरं. पर सर, ते पंचेचाळीस हाय ना, ते..."

"मला माहितीय ते काय आहे."

"माहीत असणारच की. तुमी शिकवता. मी काय म्हणून राहिलो, ते पंचेचाळीस म्हंजे..."

सरांनी त्याच्या हातातला खडू घेतला आणि शटरवर पूर्ण गणित मांडून दाखवलं. पंक्चरसाठी थांबलेले दोन ट्रकवाले उठून जवळ आले. चाँद पाशा शेवटच्या ओळीपर्यंत हात बांधून उभा राहिला.

"लय सुंदर अक्षर हाय, सर," तो मनापासून म्हणाला. मग दोरी खिळ्याला अडकवली, चारही टायर चढवले, हवा भरली, नट आवळले. उठता उठता म्हणाला, "जुनी चाकं इथंच राहू द्या. अन् दोनशेपंचवीसवाले चार मागवून ठेवतो."

"ते कशाला?"

"पडून राहतील एका बाजूला. तुमाला तकलीफ न्हाई त्याची."

गाडी खरोखर देखणी दिसत होती. सर एकटेच ती घेऊन बाळापूरला आले. हूं नाही, चूं नाही. घरी पोचताच त्यांनी फोन लावला. "चाचा, काही आवाज नाही बरं का."

"माशाल्ला. मागच्या सीटवर कुनी होतं का, सर?"

"नाही. का?"

"काई न्हाई. रविवारी भेटू, लग्नात."

रविवारी गाडी झेंडूनं मढली. मागं मधोमध फेटा आणि बाशिंग सांभाळत माऊली, त्याच्या एका बाजूला धुरपताकाकू, दुसऱ्या बाजूला करवली शिला आणि तिच्या मांडीवर पोरगं, पुढं संतराम. वऱ्हाडाचा टेम्पो आधीच पुढं निघाला होता. गावाबाहेर एक गतिरोधक होता. रस्त्याचं काम उरकल्यावर सिमेंट उरलं म्हणून बांधलेला. गाडी त्यावर चढली, उतरली आणि मागून आवाज आला. घर्रर्र.

"हरीशा, गाडी दात खाऊन राहिली की," संतराम म्हणाले.

"नवे टायर आहेत अण्णा. बसतील हळूहळू."

पण आता ते खड्ड्याखड्ड्याला बसू लागले. मागच्या चाकांवरचा पत्रा टायरला लागत होता आणि जळक्या रबराचा वास झेंडूच्या वासात मिसळत होता. सरांनी गाडी बाजूला घेतली. भार आणि घर्षण, दोन्हींचा विचार करून त्यांनी पहिलं पाऊल उचललं: शिला आणि तिचं पोरगं मागून येणाऱ्या पाहुण्यांच्या जीपमध्ये गेले. आवाज थोडा उतरला. गेला नाही.

"काकू," सरांनी शक्य तितक्या आदरानं विचारलं, "तुमचं वजन साधारण किती असेल?"

"काहून?"

"नाही, अंदाज."

"भर लग्नात बाईमाणसाचं वजन इचारून राहिला, मेल्या! मी न्हाई उतरत. लेकराच्या बाजूला मायच पाहिजे."

"मग माऊली, तू जरा पुढं सरकून बस. सीटच्या टोकाला. वजन पुढं यायला पाहिजे."

माऊली सरकला. बाशिंग पुढच्या सीटला टेकलं आणि मोत्यांची एक माळ संतरामांच्या कानावर लोंबू लागली. "दादा," तो त्या अवस्थेतूनच म्हणाला, "मी असा ओणवाच मांडवात उतरू का?"

घर्रर्र.

अर्ध्या वाटेवर एका लिंबाखाली गाडी शेवटची थांबली. पाहुण्यांची जीप केव्हाच पुढं गेली होती. अक्षतांना पाऊण तास उरला होता. टायरच्या कडेला बोटभर साल निघाली होती. आणखी पाच किलोमीटर ओढली तर टायर फुटणार, हे कळायला आता कुठल्या सूत्राची गरज नव्हती. मुलीच्या मामाचा फोन तिसऱ्यांदा वाजून बंद झाला. सरांनी खिशातला आकडेमोडीचा कागद काढला, उलटा करून पाहिला, परत घडी केला.

काकू पदरानं वारा घेत होत्या. "घोडा असता," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या, "तर टायरच नसते."

तेवढ्यात बाळापूरकडून एक जुना पिकअप आला आणि लाल गाडीच्या मागं अलगद उभा राहिला. आतून चाँद पाशा उतरला. इस्त्रीचा पांढरा सदरा, कानात अत्तराचा फाया, हातात जॅक. पिकअपच्या हौद्यात आहेराच्या पिशवीशेजारी सरांची जुनी चार चाकं दोरीनं नीट बांधून ठेवलेली होती.

"पाशाभाई!" संतराम जवळजवळ ओरडलेच. "तुमाला कोण सांगितलं?"

"कुनी न्हाई, दादा. निघतानाच टाकली. म्हटलं सर वाटंत कुठं तरी भेटतालच." मग सरांकडं वळून तो हलक्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं व्हतं पयल्या गतिरोधकावरच. लय लांब आणली तुमी."

त्यानं सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. जॅक लावला, नट सोडले, चाक ओढलं, दुसरं बसवलं, आवळलं. कुठंही घाई नाही, कुठंही एक हालचाल जास्तीची नाही. मागची दोन्ही चाकं बदलून झाली तेव्हा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक डाग नव्हता. सर पाहत राहिले. स्वच्छ, पायऱ्या न गाळता सोडवलेलं गणित पाहताना त्यांना जसं वाटायचं, अगदी तसं त्यांना वाटलं.

"चाचा," ते म्हणाले, "पण चुकलं कुठं?"

"तेच तर त्या दिशी सांगून राहिलो होतो. ते पंचेचाळीस मिलिमीटर न्हाई, सर. शेकडा हाय. रुंदीच्या शंभरात पंचेचाळीस. रुंदी वाढली की उंची बी वाढती."

सरांनी खिशातला कागद पुन्हा काढला. संतरामांनी मात्र मांडीवर थाप मारली. "म्हंजे बाजारात हळदीची ओल मोजतात तसं! शेकडा बारा ओल. पोतं मोठं तर पाणी जास्त, आकडा तोच."

"बराबर, दादा! एका झटक्यात वळखलं तुमी."

"त्यात काय वळखायचं? एवढं तर लहान लेकराला कळतं," संतराम म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. शेकडेवारी शिकवायचा अकरा वर्षांचा अनुभव असलेल्या सरांनी शांतपणे किल्ली फिरवली.

गाडी पुढून सतरा इंची आणि मागून सोळा इंची होऊन, माऊलीला ताठ बसवून, मंगल कार्यालयासमोर पोचली तेव्हा अक्षतांना बारा मिनिटं होती. बँडवाल्यांनी जोर धरला. मुलीकडची माणसं पुढून येत होती, त्यामुळे सगळ्यांना पुढचीच चाकं दिसली. "गाडी काय आणली!" मुलीचे वडील म्हणाले. फोटोही सगळे पुढूनच निघाले. काकूंनी उतरताना पदर सावरला आणि ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "आमच्या हरीशानं स्वतः हिशोब करून बसवली चाकं." चाँद पाशा मागं उभा राहून मान डोलवत होता. त्या दिवशी जेवणात संतरामांनी त्याला आग्रह करून करून जिलेबी वाढली, आणि सरांनी स्वतः उठून पाणी आणून दिलं.

मंगळवारी सर पुन्हा फाट्यावर गेले. दोनशेपंचवीसवाले चार टायर एका बाजूला पडूनच होते. चाँद पाशानं चढवले, खिळ्यावरची दोरी काढली, गुंडाळली. गाठ टोकाला टेकली. शटरवर सरांचं गणित तसंच होतं; अक्षर चांगलं म्हणून चाँद पाशानं पुसलं नव्हतं. सरांनी ते स्वतः रुमालानं पुसलं आणि एक रिकामी सुतळी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी शेकडेवारीचा तास त्यांनी त्या सुतळीनंच घेतला. पोरांना पहिल्यांदाच एका दमात कळली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सुमनबाई ताज्या पूजेसाठी गाडी पुसत होत्या. "जुनी हळद काढून टाकते," म्हणत त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि ओल्या फडक्यानं तो पांढरा चौकोन घासला. हळद निघाली. खाली कंपनीनं टायरची मापं छापलेला कागद होता. पहिली ओळ सोळा इंची चाकाची होती. दुसरी होती सतरा इंची चाकाची: २२५/४५ आर १७.