वाघ टॉप डॉग होतो

मुलांनो, मांडी घालून नीट बसा आणि ऐका. सागाच्या एका जंगलात रणधीर नावाचा वाघ राज्य करत होता. रोज सकाळी तो एक डरकाळी फोडायचा. ती ऐकून ओढ्यापलीकडचा वाघ पलीकडेच थांबायचा. राजाला काम एवढंच होतं, पण ते तो चोख करायचा.

एके दिवशी शहरातून सुलक्षणा नावाची साळुंकी आली. इंग्रजीच्या शिकवणीत सात वर्षं ती पिंजऱ्यात होती. रणधीरला पाहून ती अदबीनं म्हणाली, "महाराज, यू आर द टॉप डॉग."

रणधीरनं अर्थ विचारला.

"सगळ्यांच्या वरचा कुत्रा."

दरबारी एकेक पाऊल मागे सरकले. सुलक्षणानं घाईघाईनं समजावलं की ही फक्त बोलायची रीत आहे. चढाओढीत जो सगळ्यांना मागे टाकतो, त्याला इंग्रजीत असं म्हणतात. शहरातल्या मोठ्या साहेबांना असं म्हटलं की ते खूश होऊन चहा मागवतात.

रणधीर विचारात पडला. राजा काय, ओढ्यापलीकडचाही राजाच होता. टॉप डॉग मात्र अजून कोणी नव्हतं. त्यानं लगेच फर्मान काढलं की यापुढे त्याला महाराज म्हणू नये.

दरबारात एक तरस होता. त्याला शंका फार. त्यानं विचारलं की चढाओढ झाल्याशिवाय पहिला नंबर कसा ठरणार? आणि कुत्र्यांमध्ये पहिलं यायचं, तर चढाओढही कुत्र्यांचीच नको का? हे सगळ्यांना पटलं. सुलक्षणा पुन्हा समजावू लागली. पण तोवर अर्थ सगळ्यांना कळला होता, त्यामुळे तिचं कोणी ऐकलं नाही.

भुंकणं, शेपूट हलवणं आणि फेकलेली काठी परत आणणं असे तीन विषय ठरले. तयारीला महिना मिळाला. रणधीर रोज सकाळी भुंकायचा सराव करू लागला. त्यामुळे डरकाळी राहून जायची.

"अहो, हे आपल्याला शोभतं का?" वाघिणीनं एकदा विचारलं.

"स्पर्धेच्या युगात सगळं शोभतं," रणधीर म्हणाला.

वाघीण बछड्यांना घेऊन माहेरी गेली.

स्पर्धेच्या दिवशी ठिपक्या नावाचा गावातला एक भटका कुत्रा फिरत फिरत तिथे आला. गर्दी पाहून तो भुंकला. वाघ पाहून त्यानं शेपूट हलवली. कोणीतरी काठी फेकली, ती त्यानं सवयीनं आणून दिली. तो पहिला आला. रणधीरनंही काठी आणली होती, पण तिचे दोन तुकडे झाले होते. त्याला दुसरा नंबर मिळाला.

रणधीर सच्चा राजा होता. त्यानं स्वतःच्या गळ्यातला हार काढून ठिपक्याच्या गळ्यात घातला. मग सगळ्यांनी ठिपक्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"गावात टॉप डॉग मीच होतो," ठिपक्या म्हणाला. "पहिलं हाड मला मिळायचं आणि पहिला दगडही मलाच. म्हणून तर गाव सोडलं."

टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा समोर ओढ्यापलीकडचा वाघ उभा होता. महिनाभर डरकाळी ऐकू आली नाही, म्हणून तो पाहायला आला होता. सगळ्यांनी ठिपक्याकडे पाहिलं. ठिपक्या एव्हाना गावाच्या वाटेला लागला होता. मग सगळ्यांनी रणधीरकडे पाहिलं.

रणधीर पुढे झाला. त्यानं छाती भरून श्वास घेतला, जबडा पूर्ण उघडला आणि तो म्हणाला, "भो."

पलीकडचा वाघ लढायच्या तयारीनं आला होता. मागच्या लढाईत रणधीरनं फाडलेला त्याचा खांदा अजून दुखायचा. पण ते ‘भो’ ऐकून त्यालाच लाज वाटली आणि त्यानं नजर दुसरीकडे वळवली. रणधीरला जायला वाट करून देऊन तो राजाच्या खडकावर जाऊन बसला.

रणधीर मान खाली घालून जंगलाबाहेर पडला. त्याला फार वाईट वाटत होतं. शेपूट मात्र हलत होती.

तात्पर्य: इंग्रजी वाक्प्रचार न समजता खुशाल वापरावेत. राज्य जातं ते अर्थ विचारणाऱ्याचं.