सुज्ञ घुबड

१९५९ साली अमरावतीच्या एका कॉलेजात प्राध्यापक खुशालराव बी. ए.च्या वर्गाला इंग्रजी साहित्यातील प्राणी आणि त्यांची प्रतीके शिकवीत. कोकरू म्हणजे निष्पापपणा, कोल्हा म्हणजे कावेबाजपणा, घुबड म्हणजे सुज्ञता. ते सावकाश सांगत आणि वर्ग उतरवून घेई.

चांदूर बाजारच्या सत्यवतीने हे सारे मनापासून शिकून घेतले. तिच्या घरात कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. खुशालराव प्राचार्य झाले तेव्हा सत्काराचे भाषण तिच्याकडे आले. सरांवर तिची खरी श्रद्धा होती. ती म्हणाली, "सर म्हणजे आपल्या कॉलेजचे घुबड आहेत!"

सभागृह हसून लोळले. पहिल्या रांगेतून सरांच्या पत्नी गोदाबाई ओरडल्या, "अवो, थे पोट्टी तुमाले घुबड म्हणून राहिली!"

दुसऱ्या दिवशी सत्यवतीला परीक्षेला बसण्यास मनाई झाली आणि संस्कृतचे वामनराव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं," सत्यवती प्राचार्यांना म्हणाली.

समितीपुढे पेच पडला. घुबड सुज्ञ नाही म्हणावे, तर प्राचार्यांनी इतकी वर्षे चुकीचे शिकवले असे होई. सुज्ञ आहे म्हणावे, तर प्राचार्यांना घुबड ठरवावे लागे. अखेर एकमताने निर्णय झाला: घुबड वर्गात सुज्ञ असते, वर्गाबाहेर अपशकुनी. सबब विद्यार्थिनीने वर्गातील ज्ञान विनापरवाना बाहेर नेले आहे.

"मंग शिकवता काहून, सर?" तिच्या तोंडून निघून गेले. हा दुसरा अपराध म्हणून नोंदला गेला.

कापसाच्या जिनात कामाला असलेले तिचे वडील देवराव धावत आले. "साहेब, पोरीनं नेलं तरी काय?"

"ज्ञान," वामनराव म्हणाले.

देवरावांनी हात जोडले. "मंग वापस ठेवते ना थे!"

ही तोड समितीला पसंत पडली. शिकलेल्या गोष्टींचा वापर यापुढे करणार नाही, असे सत्यवतीने लिहून दिले. तिला परीक्षेला बसू दिले. ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली.

पुढे एम. ए. होऊन ती अकोल्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवू लागली. एकदा परतवाड्याकडचा एक विद्यार्थी उभा राहिला.

"मॅडम, कोकरू निष्पाप कसं? आमचं तर शेजाऱ्याची तूर खाऊन येते."

सत्यवतीबाईंनी पुस्तकाचे पान उलटले. म्हणाल्या, "ते परीक्षेत येत नाही. बस खाली."

तो बसला. त्यांना वाटले, आपणही लिहून देऊन असेच खाली बसलो होतो. म्हणून तर पदवीधर आहोत.