उचलून धरणारी व्यक्ती

कोणतीही सुधारणा करायची, तर आधी माणसांना जरा बाजूला व्हावं लागतं. आमच्या कल्याण कार्यालयाला हे फार लवकर उमगलं. म्हणूनच बालभत्त्याची जुनी पद्धत मोडून नवी आणताना त्यांनी दोहोंच्या मधे जिना ठेवला. जुनी खिडकी तळमजल्यावर, नवी दुसऱ्या मजल्यावर. (पहिल्यावर चौकशी. ती कायम बंद, त्यावरून लोकांना शंका उरलेल्या नाहीत हे सिद्ध होतं.)

जुन्या पद्धतीत आईला मूल असायचं. नव्या पद्धतीत मुलाला पालक असतो. फरक किरकोळ वाटेल. पण अभ्यास समितीने त्यावर दोन वर्षं आणि बरीच बिस्किटं खर्ची घातली आहेत.

शर्टांच्या कारखान्यात काजं करणारी एक बाई भत्ता जुन्यातून नव्या पद्धतीत वळवायला लहानग्या लेकीला घेऊन तळमजल्यावर आली. भत्त्यावर पाळणाघर चालायचं, आणि पाळणाघर होतं म्हणून तिला मशीनवर बसता यायचं. मुकादमाने बजावलंच होतं, आता उशीर झाला तर मशीन दुसरीला.

"सही करा ताई," खिडकीतले साहेब म्हणाले, "की यापुढे मुलीची जबाबदारी तुमच्यावर नाही."

"अहो, नाही कशी? ही काय उभी आहे!"

"वर नोंद होईपर्यंत नाही. दोन्हीकडे एकदम आई होता येत नाही."

बाईने सही केली आणि आता आपली नसलेल्या मुलीचं बोट धरून जिना चढली.

वरच्या मॅडम नियमाला पक्क्या. "मुलीला कोण घेऊन आलंय?"

"मी."

"तुमचा काय संबंध? खाली लिहून दिलंय तुम्ही. तिला स्वतः येऊ दे."

"मग मी कुणाची?" मुलीने विचारलं.

"तू सध्या प्रक्रियेत आहेस, बाळा."

मुलगी स्वतः पुढे झाली. पण खिडकीतला कॅमेरा मोठ्या माणसाच्या उंचीवर. (मुलांच्या योजनेत मुलं येतील, असं कुणी धरलं नव्हतं.) जिन्यापाशी बसलेल्या वॉचमनला दया आली. त्याने तिला उचलून धरलं. फोटो निघाला. मुलाला उचलून धरणारी व्यक्ती तीच पालक, हे नव्या पद्धतीतलं सर्वांत मायाळू कलम आहे.

"मॅडम, मला घरी चार आहेत हो!" वॉचमन ओरडला.

"अभिनंदन. पाच."

बाई धावत खाली गेली, जुनंच परत द्या म्हणाली. तिथे फक्त आयांचे अर्ज घेतात.

पाळणाघराच्या मावशींनी जागा राखली, पण मूल सोडायचं आणि न्यायचं ते नोंदलेल्या पालकानेच. वॉचमन भला माणूस. कामावर जाताना रोज वाकडी वाट करून यायचा. मात्र कार्यालयं कारखान्यांपेक्षा उशिरा जागी होतात. तोवर बाई लेकीला घेऊन पाळणाघराच्या दारात उभी. आठवडाभरात मशीन दुसरीला गेलं.

आता बाई दिवसभर घरीच असते. घरी माणूस असल्याने पाळणाघराची गरज संपली, गरज संपल्याने भत्ताही संपला. वॉचमन सुटला.

वार्षिक अहवालात बाईची गणना 'स्वावलंबी' या सदरात झाली आहे. हा आकडा यंदा दुप्पट झाला, पेपरात पहिल्या पानावर होता. तुम्ही वाचलात की तो. "चला, आपला कर कुठेतरी सत्कारणी लागतोय," म्हणालात, आणि आणखी अर्धा कप चहा मागवलात.