अंगणातली इस्टेट

महादेवरावांच्या घरी जायचं तर दारातूनच विचारावं लागे, "भाऊजी, कुठल्या वावरातून येऊ?" आतून आवाज येई, "ज्वारीच्या धुऱ्यानं या. कपाशीत पाय नका देऊ, आत्ताच डवरणी झाली." मग साडी आवरून, एका पावलापुढे दुसरं ठेवत, बांध म्हणून मांडलेल्या विटांच्या एका ओळीवरून आपण घरात शिरायचं. वाटी परत द्यायची असो की विरजण मागायचं असो, वाट हीच.

मी लग्न होऊन जबलपुरात आले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. रांझीकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आमचे हे कामाला होते आणि महादेवरावही तिथंच. आमची क्वार्टरं पाठीला पाठ लावून. माझं माहेर वर्धेकडचं, ते आर्वीपलीकडचे. त्या हिंदी मुलखात तेवढं नातं फार झालं. मला ते पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणत.

अंगण केवढं? दोन खाटा टाकल्या तर चालायला जागा उरायची नाही, एवढं. पण त्यात त्यांची गावाकडची सगळी शेती होती, जशीच्या तशी. बोटानं कोरलेला नाला. जमिनीत गाडलेला लोटा म्हणजे विहीर. विहिरीवरचा आंबा म्हणून कढीपत्त्याचं रोप. चुलतभावाच्या बाजूच्या धुऱ्यावर बाभळीचे खरेखुरे काटे. मातीसुद्धा तिकडचीच. ती पोत्यात भरून छोट्या लाईनीच्या गाडीनं आणताना गोंदियाला तिकीटवाल्यानं अडवलं होतं म्हणे.

"बोरे में क्या है?"

"जमीन."

"किसकी जमीन?"

"मेरी. और किसकी?"

तो बिचारा पुढच्या डब्याकडे निघून गेला.

शेजारच्या मिश्राजींची कोंबडी आत शिरली की महादेवराव हातातला घास ठेवून उठत. "अरे भैया, किसका जानवर घुसा वावर में? कांजीहाउस में डाल दूंगा!" मिश्राजी कुंपणापलीकडून हात जोडत. "माफ करो, जमींदारसाहब, नादान है." कोंबडीला कोंडवाड्यात घालणार म्हणून क्वार्टरांची सगळी लाईन हसायची. महादेवराव मात्र हसत नसत. चिमटीनं माती परत जागेवर लावत.

कारखान्यात त्यांचं काम सुटे भाग मापानं तपासायचं. गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर फेक. तेच डोकं ते शेतीला लावत. आणि शेती तर तिकडे, मग लावायचं कसं? पोस्टकार्डानं. लाल शाईनं, टाक बुडवबुडवून, ते कार्ड लिहीत आणि लिहिताना मोठ्यानं म्हणत. म्हणजे सगळ्या लाईनीला ठाऊक, आज इस्टेटीवर काय हुकूम सुटला.

"श्रीमती अक्कास महादेवचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. नाल्याकाठच्या वावरात कपाशीच घेणे. तूर घेऊ नये. पिकाच्या दोन ओळींतलं अंतर सारखं असावं. बैल सकाळी वेळेवर हजर राहतील असं पाहणे. कारण सांगू देऊ नये."

बैलांना कारण कोण विचारतं, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "शेतावर भोंगा नाही ना, सूनबाई. सगळा घोटाळा तिथंच हाय."

कार्ड लाल डब्यात पडलं की परत येताना हात झटकत. "हुकूम गेला, काम झालं!" हे त्यांचं पालुपद. आमच्या लाईनीत पोरंसुद्धा म्हणायची. दळण टाकून आलं, हुकूम गेला, काम झालं!

या हुकमांचा मला मात्र फायदा झाला. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तांदूळ निवडत कुंपणाशी बसायची आणि ते बोलत असतील ते अक्षर कार्डावर कुठं पडतं, ते बघायची. पहिला शब्द ओळखला तो 'तूर'. तो प्रत्येक कार्डावर असायचाच, घेऊ नये म्हणून. पुढं वाचायला लागले ती अशी, दुसऱ्याच्या शेतीवर.

अक्का म्हणजे महादेवरावांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. आईबाप गेले, महादेवरावांची बायकोही पहिल्या बाळंतपणात गेली, उरली ही दोघं. भाऊ पगारासाठी इकडे, बहीण वावरासाठी तिकडे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गावात कोणालाच येत नव्हतं. बाजाराच्या गावचे मास्तर तिला कार्ड वाचून दाखवत आणि उत्तरही तेच लिहीत. उत्तर नेहमी एकच. "आपल्या हुकमाप्रमाणे सर्व झाले. प्रकृतीस जपणे." ते वाचून महादेवराव मिशीवरून बोट फिरवत आणि अंगणातल्या इस्टेटीत तशी दुरुस्ती करत.

एकदा त्यांनी लाकडाचं गेज करून पाठवलं. पिकाच्या दोन ओळींमधलं अंतर मोजायला. घासून, तेल लावून, कोपरे गोल करून. उत्तर आलं, "गेज उत्तम आहे. रोज वापरते." त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना पेढे!

आणि दर सालाला, कोणी येणारा-जाणारा असला की, अक्का डाळीची थैली पाठवी. तुरीची डाळ. रेशनच्या दिवसांत ती पिवळीधमक डाळ शिजली की वास मिश्राजींच्या घरापर्यंत जाई. महादेवराव वाटीवाटीनं सगळ्यांना वाटत. आम्ही खायचो. कपाशीच्या वावरातून डाळ कशी निघते, हे काही कोणाच्या मनात आलं नाही.

लढाई लांबली तशा रजा बंद झाल्या. महादेवरावांचं गावाला जाणंच सुटलं. तिकडून कानावर यायला लागलं की चुलतभाऊ तुळशीराम लोकांत बोलून राहिला, 'गडीमाणसाचा पत्ता नाही, बाईच्या हाती वावर किती दिवस ठेवायचं? मी बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतो.' सालदारालाही, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुरालाही, त्यानं फितवायला घेतलं होतं. सालदार गेला तर अक्काच्या हातात काय राहणार? महादेवरावांचे हुकूम वाढले. शाई घट्ट झाली. अंगणातल्या धुऱ्यावरचे काटेही दुप्पट झाले.

त्याच पेरणीच्या दिवसांत आमच्या ह्यांचे काका वारले. तेरवीपुरती रजा कशीबशी मिळाली. काकांचं गाव अक्काच्या गावापासून जवळच. महादेवरावांनी ह्यांना स्टेशनापर्यंत सायकलवर पोचवलं आणि बजावलं, "सगळी इस्टेट पाहून या. नाल्याकडून सुरुवात करा."

आमचे हे म्हणजे अगदी सरळ माणूस. दुकानदारानं चुकून जास्त साखर तोलली तर परत नेऊन देणारे. ते परत आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि जेवेचनात. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "मी महादेवरावांच्या नावानं खोटं बोलून आलो. भर वावरात."

तसेच उठले आणि पलीकडे गेले. मी मागोमाग. विटांवरून.

झालं होतं असं. हे गेले तेव्हा नाल्याकाठच्या वावरात पेरणीची तिफण जुंपून उभी होती आणि सालदार हात बांधून. अक्का म्हणत होती तूर-ज्वारी पेर. तुळशीराम धुऱ्यावर चार माणसं घेऊन आला होता.

"काहून तूर? कोणाच्या हुकमानं?"

"माह्या भावाच्या."

"त्यानं कपाशी सांगितली असंन. तू आपल्या मनानं करून राहिली. मालकाचं ऐकत नाही ती कारभार काय करंन?"

अक्कानं कमरेचं पोस्टकार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. उलटं. "पाय! लाल शाईनं लिहून राहिला माहा भाऊ. डोळे असंन तर वाच."

तुळशीरामला वाचता कुठं येत होतं? पण तेवढ्यात त्याची नजर ह्यांच्यावर गेली. कोट, टोपी, हातात छत्री. "हे पावणे जबलपूरचे ना? महादेवच्याच कारखान्यातले. वाचा बरं तुमी, सगळ्यांसमोर."

ह्यांनी कार्ड हातात घेऊन सुलटं केलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, तूर घेऊ नये. सालदार बघत होता, तुळशीराम बघत होता. अक्का मात्र ह्यांच्याकडे बघत नव्हती म्हणे, बैलांकडे बघत होती. आणि आमच्या ह्यांनी, जे जन्मात कधी खोटं बोलले नव्हते, घसा साफ केला आणि वाचलं, "नाल्याकाठच्या वावरात तूर घेणे. कारण सांगू देऊ नये."

सालदारानं बैलांना हाक दिली. तिफण चालू झाली. संध्याकाळी अक्कानं ह्यांना भाकरी वाढली. फक्त म्हणाली, "कापूस खाता येते काय, भाऊ? लढाईचे दिवस हायत."

हे सगळं सांगून हे मान खाली घालून बसले. म्हणाले, "तुमची इस्टेट तुम्ही म्हणता तशी नाही हो, महादेवराव. कपाशी कुठंच नाही. आंबा वादळात पडला. ते गेज बकऱ्यांच्या खोपड्याच्या दाराला आडणा म्हणून लावलं आहे."

महादेवराव आधी गेजाला हसले. "रोज वापरते लिहिलं होतं. खोटं कुठं बोलली?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"डाळ कुठून येत होती, भाऊ? मला काय दिसत नव्हतं? अहो, मला वखर धरायला तिनं शिकवलं. तिला मी शेती शिकवू?"

हे चिडलेच. "मग हे हुकूम कशाला? उद्या दुसरा कोणी वाचणारा निघाला तर? 'अक्का सांगेल तोच माझा हुकूम' असं एक कार्ड सगळ्यांना वाचून दाखवा म्हणून मास्तरांना पाठवा. तुळशीरामचं तोंड कायमचं बंद!"

महादेवरावांनी लोट्याच्या विहिरीतलं पाणी बोटानं ढवळलं.

"ते मला सुचलं नाही असं नाही," ते म्हणाले. "पण ते एकदाच लिहायचं. मग पुढं मी लिहू काय?"

हे उठले आणि आम्ही विटांवरून परत आलो.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी त्यांनी टाक काढला. त्या दिवशी मोठ्यानं म्हटलं नाही. पण शाई तीच लाल आणि अक्षरं एवढी टपोरी की कुंपणापलीकडून मलाही वाचता आलं. अक्का सांगेल तोच माझा हुकूम. मास्तरांनी गावात वाचून दाखवणे. ते डब्यापर्यंत गेले, कार्ड टाकलं आणि परत आले. हात झटकले नाहीत. पोरं वाट बघत होती, पण 'काम झालं' काही ऐकू आलं नाही.

पुढं तुळशीराम गप्प झाला. सालदार टिकला. वावर अक्काच्या हातात राहिलं, शेवटपर्यंत.

पण ते नंतरचं. कार्ड टाकलं त्याच दिवशी कारखान्यातून आल्यावर महादेवरावांनी ह्यांना हाताला धरून अंगणात बसवलं. "आता सांगा. खरं कसं हाय?" हे सांगत गेले, तसतशी इस्टेट बदलत गेली. कपाशीचे कोंब उपटून निघाले, तिथं तुरीचे दाणे गेले. कढीपत्ता मुळासकट उचलून आमच्या दारात आला. "घ्या, सूनबाई, आंबा पडला." बकऱ्यांचं खोपडं काड्यांचं झालं आणि त्याला आगपेटीच्या काडीचा आडणा.

मग म्हणाले, "ती बसते कुठं? दुपारची?"

ह्यांनी जरा आठवून दाखवलं. नाल्याच्या वळणावर, पडलेल्या आंब्याच्या बुंध्यावर. तिथून सगळं वावर दिसतं.

त्यानंतरची कार्डं मी पुष्कळ पाहिली. त्यांत हुकूम नसायचा. तूर फुलली काय? पांढऱ्या बैलाचा पाय कसा आहे? बुंध्यावर ऊन येतं काय? अक्काची उत्तरंही लांब व्हायला लागली. मास्तर कंटाळले असतील बहुतेक.

अंगणातली इस्टेट बदलली त्याच आठवड्यात मी वाटी परत करायला गेले. सवयीनं विटांवरून चालत, नाल्याच्या वळणाशी आले. तिथं नर्मदेकाठचा असावा असा एक गुळगुळीत पांढरा गोटा ठेवलेला, वर दोन काड्या रोवून पळसाच्या पानाची सावली केलेली. मी पाय उचलला, तसे महादेवराव आतून घाईघाईनं आले.

"जरा बाजूनं, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "अक्का बसली हाय तिथं."