हिरव्या दिव्याला भिणारे तात्या

आमचे लिंबाजीतात्या हिरव्या दिव्याला भितात. बीडला सिग्नल हिरवा झाला की सगळे गाड्या काढतात, तात्या स्कूटरचा ब्रेक दाबतात. मागून शिव्या सुरू होतात. तात्या वळून ओरडतात, "हिरवा हाय म्हणून तर थांबलो बे! आधी बघू दे, खरंच मोकळं हाय का."

दुसरी भीती पोपटाची. गेवराईत आमच्या गल्लीत एका टेलरकडे पोपट आहे. तो तात्यांकडूनच शिकलेलं "बरं हाय का?" एवढंच म्हणतो. तात्या त्या घरावरून जात नाहीत, लांबून वळसा घालतात. म्हणतात, "आपण टाकलेलं आपल्यालाच परत येतं, त्याच्यावाणी भ्या कशाचंच न्हाई."

माणसांनाही सूट नाही. त्यांनी "बरं हाय का?" विचारलं आणि तुम्ही "बरं हाय" म्हणालात की ते दचकतात. "माझंच मला दिलंस. तुझं सांग की!" त्यामुळे चहावाला सांगायला गुडघेदुखी तयार ठेवतो आणि किराणावाला पित्त. एकदा ऑफिसात साहेब शपथ देत होते, सगळे त्यांच्यामागून म्हणत होते. तात्या तोंड मिटून उभे. म्हणाले, "साहेब, तुमचंच तुमाला परत देऊन काय कळणार?"

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण मला तात्यांची भीती वाटते. का, ते इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

आम्ही दोघं टेलिफोनच्या ऑफिसातले. लाईन तपासायची आमची एक रीत आहे. पलीकडच्या टोकाला जाणारी आणि येणारी तार एकमेकींना जोडायची. इकडून पाठवलेलं तिथूनच माघारी वळतं. जसंच्या तसं आलं, तर लाईन चांगली. याला आम्ही लूप म्हणतो. काम झालं की तो काढायचा. विसरलात, तर पलीकडचं गाव तुटतं आणि इकडच्या मशीनवरचा दिवा मात्र हिरवा राहतो. मशीनला स्वतःचाच आवाज ऐकू येत असतो, तेवढ्यावर ते खूश.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी उमापूर गावी जाऊन असाच लूप टाकला. एसटी लागलेली दिसली, धावलो. लूप राहिला. गावातले फोन त्याच लाईनवर, मोबाइलचा तेव्हाचा एकुलता टॉवरही त्याच लाईनवर.

तात्यांची आई उमापूरला होती. रोज दुपारी फोन करून विचारायची, "जेवलास का?" त्या दुपारी फोन आला नाही. तात्यांनी दिवा पाहिला. हिरवा. "झोपली असंल," म्हणाले. तिकडे आईला एकाएकी जास्त झालं होतं, घरचे फोन लावून लावून थकले. शेवटी मोटारसायकलवर माणूस आला. तात्या पोचले तेव्हा आईचं तोंड झाकलेलं होतं.

मीही मातीला गेलो. आधी उमापूरच्या मशीनच्या खोलीत शिरून लूप काढला, मग खांदा दिला. लाईन आपोआप आली, असं सगळ्यांना सांगितलं.

तात्या रिटायर झाले तरी रोज ऑफिसात येतात, दिव्यासमोर बसतात. "उमापूरला लाव. तिकडचं कायतरी बोलायला सांग." तिथला दुकानदार सांगतो, "तात्या, म्हैस व्याली. रेडकू झालं." तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडतो.

परवा मला म्हणाले, "बरं हाय का, सुदाम?"

"बरं हाय."

"लई वर्सं झाली, तू मला माझंच देतूस." मग दिव्याकडे बघत म्हणाले, "मी हितंच बसलो व्हतो. मायला वाटलं असंल, लेकानं फोनच उचलला न्हाई."

मी म्हणालो, "तात्या, लूप माझ्याकडून राहिला होता. तुमची काही चूक नव्हती."

"परत म्हण."

मी परत म्हणालो. तात्यांनी चपला घातल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. उमापूरच्या दुकानदाराचाच फोन आला, "तात्या कावून न्हाई आले आज?" मी फोन ठेवून दिला. डबा उघडला नव्हता, नजर दारावर. दुपारी पुन्हा फोन वाजला.

"जेवलास का?" तात्यांचा आवाज.

खोट्याची सवय इतकी, की "जेवलो" ओठांवर आलं होतं.

"न्हाई, तात्या."

"मग ये. भाकरी टाकल्यात. मला बी माझं सांगायचं हाय."

मी उठलो. दिवा हिरवा होता. चप्पल काही केल्या पायात जाईना, तसाच अनवाणी निघालो.